पत्त्याच्या पानाएवढी खिडकी

"बाईचे डोये गेले ना बे," मापारी भाऊ कोणाला तरी सांगत होते. "जबाबच नाई येऊन राह्यला. मी इथी टेप धरून उभा, अन् बाई तिथी आत चूप."

"वय झालं न भाऊ."

"वय त माह्यंबी झालं. मी चूप बसतो का?"

दोघंही हसले. मी केबिनच्या मागे, माठाजवळ, पेला हातात धरून उभी होते. पुढे गेले असते तर त्यांना कळलं असतं की मी ऐकलं. म्हणून ते निघून जाईपर्यंत तशीच उभी राहिले, पेला भरलेला आणि पाणी न प्यायलेलं. दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं की चोर मीच असल्यासारखी मी वागते. लहानपणापासूनची खोड आहे.

बल्लारपूरच्या बाहेर, रेल्वेलाइनच्या पलीकडे, एक आरामशीन आहे आणि तिला लागून सागवानाचा डेपो. आलापल्लीकडच्या लिलावात घेतलेले लठ्ठे ट्रकने तिथे येतात, पुन्हा एकदा मोजले जातात आणि मग आऱ्याखाली जातात. मी तिथे उन्हाळ्यापुरती लागले होते. बीसीए झाल्यावर हैदराबादला मैत्रिणीच्या ओळखीने काम मिळण्यासारखं होतं. तिच्या खोलीत माझ्यासाठी एक खाटही रिकामी होती. पण बाबा म्हणाले, आधी इथे थोडं शीक, मग बघू. आरामशीनचे शेठजी आणि बाबा सकाळी एकाच रस्त्याने फिरायला जातात. तिथे चालता चालता माझं ठरलं, आणि मला घरी आल्यावर कळलं.

मला बाईंच्या हाताखाली बसवलं. त्यांना नाव असणारच, पण डेपोत सगळे नुसतं बाईच म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर उभी आठी. चंद्रपूरच्या बाजूच्या एका गावाहून रोज स्कूटीने येत. केबिनमधल्या लोखंडी खुर्चीवर त्यांनी जुन्या लुगड्याची शिवलेली गादी घातली होती. बाई नसल्या तरी त्या गादीवर शेठजीसुद्धा बसत नसत. उभ्यानेच फोन करून जात.

मोजणीची एक रीत होती. मापारी भाऊ लठ्ठ्याभोवती टेप गुंडाळून लांबी आणि गोलाई ओरडून सांगत. केबिनमध्ये बाई ते आकडे कॉम्प्युटरमध्ये टाकत आणि पडद्यावर उमटलेले आकडे तशाच मोठ्याने परत सांगत. याला तिथे जबाब म्हणत. जबाब आल्याशिवाय टेप सोडायचा नाही, पुढच्या लठ्ठ्याकडे जायचं नाही. आणि जबाब देणाऱ्याने कानाने ऐकलेलं बोलायचं नाही, डोळ्यांना दिसेल तेवढंच बोलायचं.

"कान बरोबर आयकते, अन् बोट भलतंच टाकते," बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मंग आपण आयकलेलं बोललो त चूक कोणाले दिसन? म्हणून आधी पाह्याचं. मंगच तोंड उघडाचं."

खिडकी सताड उघडी ठेवून त्या जबाब देत. आऱ्याचा कर्कश आवाज चिरून तो पार गेटपर्यंत जाई. मला तेव्हा फक्त कागद लावायचं काम होतं. बोलायचं काम नव्हतं, म्हणून मला ती जागा आवडली होती.

मग लॅपटॉप आला.

जुना कॉम्प्युटर उन्हाने की धुळीने, एका दुपारी बंद पडला. शेठजींचे जावई पुण्याला मोठ्या कंपनीत आहेत. ते त्याच आठवड्यात मुलाला घेऊन सासरी आले होते. त्यांनी सासऱ्यांना लॅपटॉप भेट दिला. अतिशय बारीक ठिपक्यांचा पडदा, कडेला चौकटही नाही, बोट लावलं तर डाग पडेल असा. अडचण एकच होती. मोजणीचा प्रोग्रॅम नागपूरच्या कोणीतरी फार पूर्वी करून दिलेला, तो नव्या विंडोजवर चालत नव्हता. जावयांनी त्यावरही तोड काढली. नव्या लॅपटॉपच्या पोटात त्यांनी एक जुना कॉम्प्युटर बसवला. खरा नाही, मानलेला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पडद्यावर एक खिडकी उघडते, तिच्यात जुनं विंडोज सुरू होतं, आणि आपण कोणाच्या तरी पोटात आहोत हे त्याला ठाऊकच नसतं. जुना प्रोग्रॅम तिथे निमूट चालतो.

चाललाही. फक्त ती खिडकी पत्त्याच्या पानाएवढी होती.

कारण साधं होतं. जुनी यंत्रं ठिपके मोजून चित्र काढतात. पूर्वीच्या पडद्यावर तेवढ्या ठिपक्यांनी सगळी काच भरायची. नव्या पडद्याचे ठिपके इतके लहान की तेच चित्र मधोमध हाताच्या तळव्यात मावेल एवढं झालं. त्याच्या चारी बाजूंनी शेठजींच्या नातवाचा फोटो, झुल्यावर बसलेला, हसरा, त्याची एकेक पापणी मोजून घ्यावी इतका स्पष्ट. आणि त्याच्या पोटावर आमचा सगळा डेपो, मुंगीएवढ्या आकड्यांत.

"वा! काय क्लिअर हाय!" शेठजी म्हणाले. त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि ते दारात उभे होते. मापारी भाऊही म्हणाले, क्लिअर हाय. हिशेब बघणारे काका म्हणाले, पुण्यासारखंच झालं आता आपलं. जावयाने दिलेल्या वस्तूत खोट काढायची नाही, हे तिथे कोणी कोणाला शिकवावं लागत नव्हतं. बाई खुर्चीत पुढे वाकल्या, नाक काचेला लागेल इतक्या.

जाताना जावई बजावून गेले की यात धूळ जाऊ देऊ नका आणि सेटिंगला कोणी हात लावू नका. म्हणून शेठजींनी केबिनची खिडकी बंद करून तिच्या फटींवर रुंद चिकटपट्टी मारून घेतली. बाहेर खांबावर भोंगा लावला आणि आत टेबलावर माइक ठेवला. जबाब आता माइकवरून. दार आपोआप लागावं म्हणून त्याला स्प्रिंग बसवली. कूलर बाहेरची हवा आत आणतो, म्हणून तोही काढला. उरला पंखा. त्या खोलीत लॅपटॉप सुखी होता.

बाई मात्र गप्प झाल्या. भाऊंची हाक यायची, बाई आकडे टाकायच्या, मग वाकून बघत राहायच्या. त्यांनी आकडे ऐकलेले असायचे. तेच परत म्हणून टाकले असते तर कोणालाही काही कळलं नसतं. पण दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांनी इतकी वर्षं सगळ्यांकडून पाळून घेतला होता आणि आता तो त्यांच्यावरच उलटला. बाहेर मापारी भाऊ टेप धरून उभे, मजूर खोळंबलेले, भोंग्यातून नुसती खरखर. असं पाच-सहा दिवस चाललं, आणि डेपोने आपसांत ठरवून टाकलं की बाईंचे डोळे गेले.

शेठजी आत आले आणि मला म्हणाले, "बेटा, तुह्ये डोये तरणे हायेत. तू वाच."

मी नाही म्हणू शकले नाही. मी कोणालाच नाही म्हणू शकत नव्हते. बाई टाकायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचायचं, माइकचं बटण दाबून. माझा आवाज भोंग्यातून बाहेर पडून लठ्ठ्यांवर आपटून परत माझ्याकडेच यायचा. तो ऐकून मला घाम फुटायचा. त्यात माझी शाळा कॉन्व्हेंट. साठच्या पुढचे मराठी आकडे मला अजूनही थांबून जुळवावे लागतात. पहिल्याच दिवशी बराच वेळ थांबून मी शेवटी "सेव्हन नाईन" म्हणून टाकलं.

क्षणभर आरासुद्धा थांबल्यासारखा वाटला. मग सगळा डेपो हसला.

"ओ कॉन्व्हेंट!" भाऊ बाहेरून ओरडले. "लठ्ठा बल्लारपूरचा हाय वो, लंडनचा नाई!"

त्या दिवसापासून माझं नाव सेव्हन नाईन पडलं. ट्रकचे ड्रायव्हरसुद्धा विचारू लागले, सेव्हन नाईन आली का आज. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मला आता समजतं. तेव्हा मला एवढंच समजत होतं की खिडकी बंद आहे, दार स्प्रिंगचं आहे आणि संध्याकाळपर्यंत माझा आवाज त्या खांबावर टांगलेला आहे. दुपारी सिकंदराबादकडे जाणारी गाडी लाइनवरून जायची. टेबलावरचा माइक थरथरायचा. मी तिकडे बघत नसे.

मी गुपचूप प्रयत्न सुरू केले होते. आधी लॅपटॉपची अक्षरं मोठी करून पाहिली. बाहेरची सगळी अक्षरं बोराएवढी झाली, आतलं पत्त्याचं पान तसूभरही हललं नाही. मग पानातल्या जुन्या विंडोजमध्ये शिरून तिथली अक्षरं वाढवली. ती वाढली, पण प्रोग्रॅमची बटणं खाली घसरून खिडकीबाहेर गेली. आकडे दिसू लागले आणि साठवायचं बटण नाहीसं झालं. शेवटी मी सगळ्या पडद्याचेच ठिपके कमी केले. त्याबरोबर पान पुष्कळ मोठं झालं. कडा धुरकट, आकडे आडवे पसरलेले, पण बाईंनी मान मागे घेतली आणि बऱ्याच दिवसांनी स्वतः माइक ओढून एक जबाब दिला. मग दुसरा. मी भिंतीला टेकून उभी होते.

तिसऱ्या जबाबाच्या वेळी शेठजी आत आले.

"याचा चेहरा असा काऊन सुजला?" ते नातवाच्या फोटोकडे बघत होते. फोटोही पडद्याबरोबर आडवा पसरला होता. झुल्यावरचं पोर गालफुगी झाल्यासारखं दिसत होतं. "कोणं हात लावला? जवाईबापूनं सांगतलं होतं न?"

मी सगळं पहिल्यासारखं करून दिलं. नातू बारीक झाला, डेपो पुन्हा मुंगीएवढा. बाईंनी माइक माझ्याकडे सरकवला.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत मापारी भाऊ दारात आले. एक बोट वर धरलेलं. "बाई, कूस गेली. सागाची हाय, लय आत गेली."

लाकडाची कूस बोटात गेली की सगळे बाईंकडे येत. पूर्वीपासूनच. बाईंनी पर्समधून सुई काढली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि भाऊंचा हात उजेडाकडे वळवला. मी वाकून बघितलं तर मला नुसतं बोट दिसलं. बाईंनी दोनदा सुई लावली आणि केसाहून बारीक, करडी कूस काढून त्यांच्या नखावर ठेवली.

"हे घे तुहं सागवान. टेप लाव याले, गोलाई सांग."

"माल शेठजीचा हाय बाई, मी कायले मोजू," भाऊ हसत बोट चोखत निघून गेले. थोड्याच दिवसांपूर्वी बाईंच्या डोळ्यांबद्दल आपण काय म्हणालो होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी दार लागेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "बाई, तुमचे डोळे तर—"

"डॉक्टरबी तेच म्हणते." त्या सुई पुसत होत्या. "चंद्रपूरले जाऊन आली मी परवा. म्हणते, वयाच्या मानानं मस्त हायेत, नंबरबी वाढला नाई. मंग मले काऊन नाई दिसत, पोरी?"

"स्क्रीनमुळे. ती आतली खिडकी—"

"तुले दिसते न?"

मला दिसत होतं. डोळे ताणून, संध्याकाळी डोकं दुखेपर्यंत, पण दिसत होतं.

"मंग," बाई म्हणाल्या आणि सुई पर्समध्ये ठेवली. एवढ्या वर्षांचा त्यांचा नियम होता, दिसतं तेच खरं. त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. त्यापुढे डॉक्टरचं काय चालणार.

गुरुवारी शेठजींनी निर्णय सांगितला. ओरडून नाही, प्रेमानेच. सोमवारपासून बाई गेटवर बसतील, आत येणाऱ्या ट्रकचे नंबर लिहून घेतील. आत खुर्चीवर मी. "बाईले आता आराम. लय वर्सं केलं त्यायनं," ते म्हणाले. गेटवर पत्र्याची टपरी आहे. दुपारी तिच्यात कुत्रंसुद्धा थांबत नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "ठीक हाय शेठजी." त्यांच्या कपाळावरची आठी मात्र त्या क्षणी दिसली नाही, जणू तीही कामावरून उतरली होती.

मला तेव्हा बोलायला हवं होतं, असं सगळे म्हणतील. पण काय बोलणार होते मी? जावयांनी दिलेला पडदा चुकीचा लावलाय, असं? शेठजींना? बाबांच्या शेठजींना? मी मान हलवली. मान हलवणं मला फार चांगलं जमतं.

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत मी फोनवर शोधत बसले. कुठल्या कुठल्या देशातले लोक याच एका गोष्टीने हैराण झालेले सापडले. नवा पडदा घेतला आणि आतलं यंत्र चिमुकलं दिसतंय, काय करू? कोणी चिडलेले, कोणी रडकुंडीला आलेले. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की त्यांच्यातल्या एकानेही आपले डोळे गेले असं लिहिलं नव्हतं.

उपाय तिथेच होता, आणि इतका लहान की मला हसू आलं. मी आतापर्यंत एकतर आतल्याला मोठं करत होते किंवा बाहेरच्याला लहान. दोन्हीची गरज नव्हती. आतल्या यंत्राने आपल्या जुन्याच मापात राहायचं, खिडकीप्रमाणे स्वतःला ताणायचं नाही. आणि त्याचं तयार झालेलं चित्र बाहेरच्या यंत्राने भिंगातून दाखवावं तसं पटीने मोठं करून दाखवायचं. खिडकीच्याच मेनूत ती सोय होती. शनिवारी दुपारी आरा बंद झाला, बाई बाहेर चिंचेखाली डबा घेऊन गेल्या, तेव्हा मी दार लोटून घेतलं. आतल्या विंडोजला आपोआप माप बदलायची मुभा होती ती काढली. मेनू उघडला आणि अडीचपट निवडलं.

पान एकदम फुगलं आणि पडदाभर झालं. जुना राखाडी प्रोग्रॅम, पूर्वीच्या कॉम्प्युटरवर होता तसाच. आकडे हरभऱ्याएवढे, ठसठशीत. मी माउसने खिडकी बाजूला केली. मागे झुल्यावर नातू जसाच्या तसा हसत होता, गालही जागच्या जागी. मी खुर्चीपासून मागे मागे सरकत भिंतीपर्यंत गेले. तिथूनही वाचता येत होतं.

मी बाईंची वाट बघत उभी राहिले. दार उघडलं ते शेठजींनी. शनिवारी अर्धा दिवस असतो, ते लॅपटॉप घरी न्यायला आले होते.

"हे कोणं केलं?"

"मी." मग घाईने म्हटलं, "फोटो तसाच आहे. बघा."

त्यांनी आधी नातवाला नीट बघितलं. मग प्रोग्रॅमकडे. चष्मा कपाळावरच होता. ओठ हलवत त्यांनी शेवटच्या लठ्ठ्याची लांबी वाचली, मग गोलाई. "अरे, मलेबी दिसून राह्यलं की आता!" ते म्हणाले, आणि लगेच थांबले. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"हुशार हाये तू," ते म्हणाले. "अशीच पोरगी आत पाह्यजे. आता त तुलेबी सोपं झालं. सोमवारपासून पक्की तू." आणि माझ्यासमोरच त्यांनी बाबांना फोन लावला.

"पण बाई..." मी म्हटलं. फोनमध्ये बाबा बोलायला लागले होते आणि शेठजी हसत होते. माझं वाक्य तिथेच, टेबलाच्या अलीकडे, पडून राहिलं. ते लॅपटॉप मिटून काखेत घालून गेले. मी बाईंसाठी उघडलेल्या फटीत माझंच बोट सापडलं होतं.

बाई हात धुऊन आत आल्या तेव्हा टेबल रिकामं होतं. त्यांनी खुर्चीवरची गादी उचलली, दोनदा झटकली. भुसा उडाला. गादीची घडी करून पिशवीत घालताना ती मावेना, एक कोपरा बाहेरच राहिला.

"बाई, मी आत्ता ती स्क्रीन..."

"राहू दे व पोरी. मले राग नाई तुहा." त्यांनी बंद खिडकीकडे बघितलं. "फक्त हवा घेत जाय मधून मधून. लय कोंदट केलं यायनं." आणि स्प्रिंगचं दार त्यांच्यामागे आपोआप लागलं.

रविवारी बाबांनी पेढे आणले. घरापासून वीस मिनिटांवर काम, दुपारी घरचा डबा, ओळखीचे शेठजी. "आता हैदराबाद कशाला? तिथी जाऊन काय करशील, तिथीबी खुर्चीतच बसशील न," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. आईने पेढा माझ्या तोंडाजवळ धरला. मी खाल्ला. मैत्रिणीचा मेसेज आला होता, खाटेबद्दल. मी तो उघडलाच नाही. उघडला की तिला कळतं.

सोमवारी शेठजींनी स्वतः लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला आणि माझ्या मागेच उभे राहिले, पहिला जबाब ऐकायला. गादीशिवाय ती खुर्ची किती टोचते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बसण्याच्या पट्टीवर मध्येच एक वेल्डिंगचा उंचवटा होता. काचेतून गेट सरळ समोर दिसत होतं. पत्र्याच्या टपरीत बाई स्टुलावर बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, आणि बाजूला स्कूटीच्या हुकाला ती पिशवी, गादीचा कोपरा बाहेर आलेली. त्यांनी ती आणली होती, पण स्टुलावर घातली नव्हती.

आरा सुरू झाला. मापारी भाऊंनी पहिल्या लठ्ठ्याला टेप घातला आणि हाक दिली. मी आकडे टाकले. पडद्यावर ते मोठे, काळे, स्वच्छ उमटले. चूक नव्हती. फक्त बोलायचं होतं. एकदा बोलले की टेप सुटणार होता, दुसरा लठ्ठा, मग तिसरा, आणि मग कोणी कधी विचारणार नव्हतं.

मी बोलले नाही.

"जबाब!" भाऊ ओरडले.

गेटवर बाईंनी मान वर केली. हात सवयीने पुढे आला, जिथे कॉम्प्युटर असायचा तिथे, आणि परत मांडीवर गेला.

"ओ सेव्हन नाईन! झोपली का वो?"

मजूर हसले. टेप धरून भाऊ तसेच वाकलेले, सोडता येत नव्हता त्यांना. रीतच तशी होती.

"बोल न बेटा," शेठजी मागून म्हणाले. "दिसून त राह्यलं आता."

मी माइकचं बटण दाबलं. भोंगा आधी किंचाळला, मग शांत झाला. माझा श्वास बाहेर सगळ्या डेपोवर ऐकू गेला असणार, कारण हसणं थांबलं. बाईंनी केबिनकडे बघितलं.

"जबाब बाई देतीन, भाऊ," मी म्हटलं. "त्यायचे डोये चांगले हायेत. इथला पडदाच लहान लावला होता, तो मी शनिवारी मोठा केला, शेठजीलेबी आताच दिसून राह्यलं. बाई, तुमची गादी घेऊन आत या, मले या खुर्चीत नाई बसाचं."